थारला मोठे टायर: आधी जागा मोजा, मग पैसे मोजा

रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यातल्या जांभ्याच्या कच्च्या वाटांसाठी अनेक जण थार लिफ्ट करून घेतात. मग दुकानात हमखास ऐकू येतं, ‘आता कुठलाही टायर बसेल.’ यावर विश्वास ठेवू नका. लिफ्टमुळे उभ्या गाडीत टायरच्या वर जागा दिसते. पण चाक दगडावर चढलं की स्प्रिंग दाबली जाते. बंप स्टॉप जुनेच असतील, तर टायर पूर्वीइतकाच वर जातो. खरी जागा तिथे मोजायची.

कागदावरचा हिशेब

२०२० नंतरच्या थारचा १८ इंची कंपनी टायर २५५/६५ आर १८, उंची सुमारे ७८९ मिमी. २८५/६५ आर १८ घेतला तर ८२८ मिमी. वाढ ३९ मिमी, पण मागच्या डिफरन्शियलखाली मिळते त्याच्या निम्मीच, म्हणजे दोन सेंटिमीटरही नाही. शिवाय टायर ३० मिमी रुंद होतो आणि काटा तोच वेग दाखवत असताना गाडी आधीपेक्षा पाच टक्के जास्त वेगाने धावते.

तपासणी

पाचही टायर घेण्याआधी पुढे एकच बसवून बघा. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक, बंपरचा मागचा कोपरा आणि वरचा सस्पेन्शन आर्म इथे शाडूच्या मातीचे जाड गोळे चिकटवा. गणपतीच्या कारखान्यांमुळे पेणला ही माती सहज मिळते. ते चाक रॅम्पवर चढवून स्प्रिंग पूर्ण दबू द्या. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत सावकाश फिरवा. रिव्हर्समध्येही तेच करा. गोळा जिथे बोटापेक्षा पातळ झाला, तिथे पावसाळ्यात टायर घासणार, कारण लाल चिखल खाचांत भरून टायर आणखी फुगतो. चाक लोंबकळत असताना ब्रेकचा होजपाइप ताणला जातो का, तेही पाहा.

अंदाजे खर्च

- ऑल-टेरेन टायर: प्रत्येकी १३ ते २२ हजार रुपये. स्टेपनी धरून पाच, म्हणजे ६५ हजार ते १ लाख १० हजार.
- स्प्रिंग-शॉकअपसह लिफ्ट: ४० हजारांपासून लाखाच्या वर.
- अलाइनमेंट, बॅलन्सिंग: दीड ते अडीच हजार.
- नंतरचा खर्च: जड स्टेपनीने मागच्या दाराच्या बिजागऱ्या सैल होतात. लिफ्टमुळे पुढच्या अ‍ॅक्सलचे रबरी बूट लवकर फाटतात आणि आत वाळू, खारं पाणी शिरतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो तपासा.

कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनी दावा अडवू शकते, ते वेगळंच.

आमचा सल्ला

कंपनीच्याच मापाचे चांगले ऑल-टेरेन टायर घ्या आणि लिफ्टचे पैसे वाचवा. आपल्या वाटांना तेवढं पुरतं, आणि कागदपत्रंही स्वच्छ राहतात. गाडी आधीच लिफ्ट केलेली असेल, तर रॅम्पवर तपासून द्यायला जो गॅरेजवाला तयार नाही, त्याच्याकडून टायर घेऊ नका.