आफ्रिकेतील मताधिकार : एक मराठी दुवा

बसवनगुडीतील गोखले सार्वजनिक विचार संस्था डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली स्थापिली. आफ्रिकेतील निवडणुकांच्या अभ्यासकाने या नावापाशी क्षणभर थांबावे. नाताळ वसाहतीच्या १८९६ च्या कायद्याने, ज्यांच्या मायदेशी संसदीय मताधिकारावर उभ्या प्रातिनिधिक संस्था नाहीत, त्यांना मतदार-यादीत नव्याने नाव नोंदविण्यास अपात्र ठरविले. हिंदी लोकांचा उल्लेख त्यात नव्हता. रोख त्यांच्यावरच होता.

१९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांचा भर मतदानापेक्षा तीन पौंडांच्या करावर होता. मात्र जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय श्रोत्यांसाठी ते मराठीत बोलले, आणि स्वतः मराठी बोलू न शकणाऱ्या गांधींनी त्याचे हिंदुस्थानी भाषांतर केले. ही हकीकत गांधींनी पुढे गुजरातीत लिहिली. चरित्रकारास ती गमतीची वाटेल. तौलनिक अभ्यासकास तीत हक्काची परिभाषा तीन भाषांतून प्रवास करताना दिसते.

पुढे १९५३ साली सुदानमधील पहिल्या संसदीय निवडणुकीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताच्या सुकुमार सेन यांच्याकडे आले. प्रातिनिधिक संस्था नसलेला म्हणून ज्या देशाकडे आफ्रिकेतच बोट दाखविले गेले, त्याच देशाचा हा अधिकारी. त्या निवडणुकीची अरबी परिभाषा आणि आपली 'मताधिकार', 'मतदार' ही शब्दसंपदा शेजारी ठेवून तपासणे हे यापुढील काम होय.