सामाईक सुरक्षा अधिकारी: खर्च कोणाचा?

प्रश्न : कॅनडातील लहान ग्रामीण पालिका मिळून एकच सुरक्षा अधिकारी नेमतात, तेव्हा खर्च कसा वाटला जातो?

उत्तर : अल्बर्टा प्रांतात ‘कम्युनिटी पीस ऑफिसर’, म्हणजे पोलीस नसलेला, पण वाहतूक नियम व स्थानिक उपविधी यांची अंमलबजावणी करणारा अधिकारी, एका पालिकेने नेमावा आणि शेजारच्या पालिकांनी करार करून त्याची सेवा पैसे देऊन घ्यावी, अशी पद्धत रूढ आहे. पगारासोबत गाडी, इंधन, प्रशिक्षण आणि विमा यांचा भारही खर्चात धरावा लागतो. तो केवळ लोकसंख्येवर वाटल्यास गस्त एका गावाला आणि बिल दुसऱ्याला अशी कुरबुर होते, म्हणून नोंदवलेल्या तासांवरील आकारणी अधिक न्याय्य ठरते. दंडाच्या रकमेवर हे पद चालवणे मात्र धोक्याचे, कारण वाहनचालकांना शिस्त लागली की तिजोरी आटते. अल्बर्टात 2020 पासून 5,000 पर्यंत लोकवस्तीच्या पालिकांना पोलीस खर्चाचाही वाटा द्यावा लागतो; पीस ऑफिसरचा खर्च त्याहून वेगळा असतो.