रकमेच्या रकान्यातला मजकूर

कीबोर्डवरून आलेली प्रत्येक नोंद प्रोग्रॅमच्या लेखी आधी मजकूर असते, दिसायला ती संख्या असली तरी. तिचा पूर्णांक करून घेतल्याशिवाय हिशेब होत नाही. हे काम एका ओळीचे वाटते, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

तासगावच्या बेदाणा बाजारातली विक्रीची पट्टी संगणकावर भरताना एकच रक्कम कितीतरी रूपांत येते: स्वल्पविराम देऊन १,२५,०००, मागे '/-' लावून, पुढे 'रु.' जोडून, कधी देवनागरी अंकांत, कधी इंग्रजी. माणूस ती सगळी एकच वाचतो. जावास्क्रिप्टमधले 'पार्सइंट' मात्र इंग्रजी अंकांतले सव्वा लाख पहिल्या स्वल्पविरामापाशीच सोडते आणि १ हे उत्तर देते. शेतकऱ्याच्या खात्यावर एक रुपया पडतो आणि पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. पायथनचे 'इंट' देवनागरी अंक बिनतक्रार घेते, पण स्वल्पविराम दिसताच त्रुटी देऊन थांबते. हे थांबणेच चांगले. सी भाषेतले 'एटूआय' निव्वळ अक्षरे दिली तरी ० देते आणि खरे शून्य दिले तरी ०, त्यामुळे 'आज आवक नाही' आणि 'आकडा वाचताच आला नाही' यांत फरक उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात अडलेला प्रोग्रॅम त्याच दिवशी दुरुस्त होतो. चुकीचे शून्य वर्षअखेरीच्या ताळमेळात सापडते, तेव्हा पैसे वाटून झालेले असतात. सीमध्ये 'एटूआय'ऐवजी 'स्ट्रटोल' वापरावे. वाचन कुठे थांबले हे ते सांगते. काही वाचले गेले का आणि मजकूर शेवटपर्यंत संपला का, हे दोन्ही तपासावे. संख्यापद्धतीचा पाया १० असा स्पष्ट द्यावा. तो ० ठेवल्यास सुरुवातीच्या शून्यामुळे ०१० ही नोंद अष्टमान धरली जाऊन ८ होते.

सर्वांत धोक्याचा उपाय म्हणजे अंक सोडून बाकी सगळी चिन्हे पुसून टाकणे. तसे केल्यास १,२५,०००.५० या रकमेतला दशांशचिन्हाचा ठिपकाही जातो आणि सव्वा लाखाचे सव्वा कोटी होतात. ऋणचिन्ह पुसले गेले तर वजावट जमा होते. म्हणून चालणारी रूपे आधी ठरवावीत, देवनागरी अंक इंग्रजीत बदलावेत, फक्त ठरलेल्या जागीचे स्वल्पविराम काढावेत, आणि उरलेल्यात एकही अनोळखी चिन्ह असेल तर नोंद परत पाठवावी. पायथनमध्ये अंक तपासताना 'इजडिजिट'वर विसंबू नये. वर लिहिलेला वर्गाचा २ त्यातून पार होतो, पण 'इंट'ला वाचता येत नाही. तिथे 'इजडेसिमल' योग्य.

वाचलेली संख्या जागेत मावते का, हे पुढचे. ३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. रुपयांत ती मोठी वाटते. हिशेब पैशांत ठेवल्यास मात्र ती सुमारे २ कोटी १४ लाख रुपयांपाशीच संपते, आणि हंगामातल्या एकूण उलाढालीला ती अपुरी पडू शकते. अशा बेरजांना ६४ बिट घ्यावेत.

मोबाइल क्रमांक, बँक खाते क्रमांक आणि १२/२ सारखे गट क्रमांक पूर्णांकात बदलूच नयेत. त्यांची कधी बेरीज होत नाही, आणि खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य एकदा गेले की परत मिळत नाही. रिकामा रकानाही रिकामाच राहू द्यावा. जावास्क्रिप्टचे 'नंबर' त्याचे ० करते, म्हणून ती तपासणी रूपांतराच्या आधी करावी. नोंद नाकारताना मूळ मजकूर जसाच्या तसा दाखवून कोणते चिन्ह वाचता आले नाही ते मराठीत सांगावे, म्हणजे पट्टी भरणाऱ्याला ती तिथल्या तिथे सुधारता येते.