बाळंतपणात गेलेलं रक्त मोजायचं कसं?

प्रश्न : सुनेला पहिल्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. आता सातवा महिना आहे. पुन्हा तसंच होईल का? (एक सासूबाई, रिद्धपूर)

उत्तर : ताई, होईलच असं नाही, पण शक्यता वाढते. म्हणून हा इतिहास डॉक्टरांना आत्ताच सांगा.

खरी अडचण अशी की, गेलेलं रक्त नजरेला नेहमी कमीच वाटतं. बेळगाव जिल्ह्यातल्या गावांमध्ये १६२० बाळंतिणींवर झालेल्या अभ्यासात खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी खाली लावून ते मोजलं गेलं. परिचारिकांनी दिलेल्या, रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. हे २००६ साली प्रसिद्ध झालं, आणि ते आपल्या शेजारचं काम आहे! पुढे २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत अशाच पिशवीनं रक्त मोजून गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन व ट्रॅनेक्झामिक ॲसिड ही रक्तस्राव थांबवणारी औषधं, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू केलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं.

मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या घरी स्वतःहून देऊ नका. हिमोग्लोबिन याच आठवड्यात तपासा, आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यातच बाळंतपण करा.