तपासणीला निघालास? जरा ऐकून जा

भाचेबुवा, कंपनीनं फिटनेस सर्टिफिकेट मागितलं म्हणून का होईना, तू तब्येत दाखवायला निघालास याचा मला आनंद आहे. सोयाबीन पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायला तुला कुणी सांगावं लागत नाही. अंगाची परीक्षाही तशी दुखणं नसतानाच करायची असते. नेरचं ग्रामीण रुग्णालय असो, खाजगी दवाखाना असो की यवतमाळचं मेडिकल कॉलेज, हे कानमंत्र कुठंही कामी येतील.

१. जायचं ते सकाळच्या ओपीडीत, रात्री अपघात विभागात नाही — रात्रीचे डॉक्टर साप चावलेल्याकडे नाही तर अडलेल्या बाळंतिणीकडे धावत असतात, सहीसाठी त्यांना थांबवू नये. मात्र छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, दम लागला तर ओपीडीची वाट न बघता १०८ फिरवायचा.

२. सरकारी दवाखाना म्हणून नाक मुरडू नकोस — १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजचं खातं वेगळं, तिथं सुटे पैसे जवळ ठेव. प्रमाणपत्राचं काही शुल्क लागतं का ते खिडकीवरच विचार आणि पावती घे.

३. कंपनीनं दिलेला नमुना घरीच पूर्ण वाच, पण तुझी सही डॉक्टरांसमोरच कर — कुणाला एमबीबीएस डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालतं, कुणी जिल्हा शल्यचिकित्सकांचंच मागतं. अर्धा कागद वाचणाऱ्याला दोन फेरे ठरलेले.

४. रक्त द्यायचं असेल तर आधी निदान आठ तास पाण्याशिवाय काही नको, सकाळचा कपभर चहासुद्धा नको — त्यातली साखरच आकड्यात उतरते. उपाशीपोटी शंभराच्या आत असली तर बरी, १०० ते १२५ म्हणजे आतापासून सांभाळ, आणि १२६ किंवा वर आली तर घाबरून न जाता पुन्हा तपासून खात्री कर.

५. खर्रा घरी ठेवून जा. नुसता खिशात नको, घरीच ठेव — तंबाखूनं बीपी तेवढ्यापुरतं चढतं, चहानंही चढतं, म्हणून मोजण्याआधीचा अर्धा तास दोन्ही बंद.

बीपीचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. बसमधून उतरून तरातरा चालत आलास आणि लगेच दंडाला पट्टा बांधला, तर आकडा त्या धावपळीचा येईल. लघवीला जाऊन ये. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बस, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नको. बाही वर सारून दंड मोकळा ठेव आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकव. पट्टा फुगत असताना पिकाच्या भावाची चर्चा नको, बोलण्यानंही आकडा वर जातो. मग वरचा आणि खालचा दोन्ही आकडे विचारून लिहून घे. ‘नॉर्मल आहे’ एवढ्यावर उठायचं नाही. १४०/९० किंवा त्याहून जास्त दिसलं तर एकदाच बघून कपाळाला हात लावू नकोस, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजून घे. घाईचं बीपी, फुकटची काळजी.

६. डॉक्टरांनी नाही म्हटलं तरी ‘तोंड बघा’ असं तूच म्हण — खर्ऱ्यातली सुपारी तोंड आखडवते आणि तंबाखू कॅन्सरला वाट करून देतो. आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी करून दातांत मावतात का बघ. मावत नसतील, गालाला पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर तेच आधी दाखव.

७. कपाशीवर फवारणी करून आला असशील तर कधी केलीस आणि कोणतं औषध होतं ते सांग, रिकाम्या डब्याच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेव — डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं हे उन्हानंही होतं आणि विषबाधेनंही, उपचार मात्र वेगळे. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं फवारणीपायी किती शेतकरी आणि मजूर गमावले, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. काही औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं द्रव्य कमी करतात, रक्तात ते मोजता येतं. पण फवारणीचं तू बोललास तरच कुणी मोजायचं मनात आणेल.

८. नोकरी जाईल या भीतीनं फिट, दमा, जुनं ऑपरेशन, चालू गोळ्या काही लपवू नकोस — उंचावरचं किंवा मशीनवरचं काम मिळालं आणि तिथंच झटका आला, तर नोकरीपेक्षा मोठं काही जाईल. लाजला रोगी, फसला वैद्य.

९. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर याच फेऱ्यात करून घे — विदर्भात हा आजार आहे, केंद्राची मोहीमही १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. पहिली चाचणी थोड्या रक्तावर होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीत कळतं की माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक. वाहक सहसा ठणठणीत असतो, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तुझ्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे, म्हणून जास्तच कळकळीनं सांगतो. पत्रिका नंतर जुळवू, आधी सिकलसेलचा रिपोर्ट आण.

१०. चष्मा असेल तर लावून जा — नजर चष्म्यासह आणि चष्म्याविना, दोन्ही मोजतात.

११. लघवीचा नमुना देताना सुरुवातीची धार सोडून मधली धर — सुरुवातीच्या धारेबरोबर बाहेरची घाण येते आणि रिपोर्ट नाहक बिघडतो.

१२. खिडकीवरून हलण्याआधी नाव, जन्मतारीख, शिक्का, तारीख आणि सहीखालचा डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक वाचून बघ — एक काना चुकला तरी कंपनी परत पाठवते. मूळ प्रत कंपनीला, झेरॉक्स घरच्या फाइलला. चौदा अंकी आभा क्रमांक काढला असशील तर तोही फाइलवर लिही, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना मागचं शोधायला सोपं जाईल.

१३. रिपोर्टात एखाद्या आकड्यापुढं चांदणी दिसली की मोबाइलवर रोग शोधत बसू नकोस — तो आकडा तुझं वय, जेवण, औषधं बघून वाचायचा असतो, आणि ते काम डॉक्टरांचं.

१४. आणि ताईला, म्हणजे तुझ्या आईला, गाडीवर मागे बसवून सोबत ने — तीस ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी, शुगर आणि तोंड बघायची सोय सरकारी दवाखान्यात आहे, बायकांची स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणीही होते. ती ‘मला काय झालंय’ म्हणेल. तू वाद घालू नकोस, तिचं आधार कार्ड खिशात टाक आणि बाई डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आशाताईंना आदल्या दिवशीच विचारून ठेव. तपासताना नर्स जवळ हवी असं सांगायचा तिला हक्क आहे, हे तिला घरीच सांग, तिथं गेल्यावर ती संकोचानं गप्प राहील. हिमोग्लोबिन बाराच्या खाली आलं तर लोहाच्या गोळ्या मिळतील. त्या चहासोबत घेऊ देऊ नकोस, लोह अंगी लागत नाही.