बटु केंड मासा : घरगुती मत्स्यालयातील एक अभ्यास

वसतिगृहाच्या शाळेत शिकविणाऱ्या शिक्षकाचे घर हे केवळ त्याच्या कुटुंबाचे राहत नाही. रविवारी दुपारी मुले येतात, पुस्तके चाळतात, प्रश्न विचारतात. काही वर्षांपूर्वी अशाच मुलांच्या आग्रहावरून आम्ही घरी मासे पाळण्याचे ठरविले. आम्ही इतिहासाचे अभ्यासक. जीवशास्त्र हा आमचा विषय नव्हे. म्हणून आमच्या हातून झालेली चूक आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

शहरातून आम्ही एक गोल काचेचे भांडे आणि तीन इवलेसे मासे आणले. त्याच सायंकाळी भांडे धुतले, नळाचे पाणी भरले आणि मासे सोडले. मुले आनंदली. चौथ्या दिवशी पहिला मासा मेला. नवव्या दिवशी भांडे रिकामे झाले. तेव्हा सातवीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं. मग मासे मेले कशानं?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते आम्ही आणि मुलांनी मिळून शोधले. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा वृत्तान्त होय.

माशाची ओळख

बाजारात ज्याला 'पी पफर' किंवा 'ड्वार्फ पफर' म्हणतात तो हा मासा. कोकणच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात येणारा व भीती वाटताच पोट फुगविणारा केंड मासा अनेकांनी पाहिला असेल. हा त्याच्याच कुळातील, परंतु वाटाण्याची आठवण करून देणारा बुटका भाऊ. म्हणून आम्ही त्याला बटु केंड म्हणतो. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची लांबी साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटर एवढीच असते. समुद्रातील नातेवाईकांप्रमाणे त्याला खारे पाणी लागत नाही. तो आयुष्यभर गोड्या पाण्यातच राहतो. त्याच्या टाकीत मीठ घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

त्याचे शास्त्रीय नाव 'कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस'. या नावात इतिहासाच्या विद्यार्थ्याला रस वाटावा असे काही आहे. डॉ. सुंदरलाल होरा आणि नायर या अभ्यासकांनी १९४१ साली या माशाचे प्रथम वर्णन केले. त्यांना मिळालेले नमुने पंबा नदीतील होते आणि ती नदी तेव्हा त्रावणकोर संस्थानात होती. पुढे १९४९ साली त्रावणकोर व कोचीन ही संस्थाने एकत्र आली आणि १९५६ साली केरळ राज्य अस्तित्वात आले. संस्थान गेले, त्याचे नाव मात्र बोटाच्या पेराएवढ्या माशाने जपून ठेवले आहे. 'टेट्राओडॉन' याचा अर्थ चार दातांचा. या कुळातील माशांचे चार दात जुळून चोचीसारखे कठीण तोंड तयार झालेले असते. गोगलगाईचे कवच फोडण्यासाठी ते उपयोगी पडते.

स्वच्छ दिसणे आणि स्वच्छ असणे

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. मासा श्वास घेतो, खातो, मलविसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात मिसळत असतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. परंतु तो माशाचे कल्ले जाळतो.

नदीत पाणी अफाट असते व वाहते असते. शिवाय तिच्या वाळूवर, दगडांवर आणि वनस्पतींवर असंख्य जिवाणू असतात. त्यांच्यापैकी काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते आणि पाणवनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. नव्या, धुतलेल्या भांड्यात हे जिवाणू नव्हतेच. आमचे मासे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात स्वतःच्याच उत्सर्जनाने गुदमरले. त्यातच नळाच्या पाण्यात क्लोरीन होते, तेही आम्ही काढले नव्हते.

हे समजल्यावर आम्ही नवी टाकी आणली आणि तीत मासा न सोडता केवळ पाणी, वाळू, वनस्पती व स्पंजाचा फिल्टर ठेवला. रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावयाचे, म्हणजे ते कुजून अमोनिया निर्माण होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. बाजारात मिळणाऱ्या थेंबांच्या चाचणीने मुले दर दोन दिवसांनी पाणी तपासत आणि वहीत नोंद करीत. आधी अमोनिया चढला. मग तो उतरू लागला आणि नायट्राइट चढले. अखेरीस दोन्ही शून्यावर आले. या सर्वांस सहा आठवडे लागले. रिकाम्या टाकीकडे सहा आठवडे पाहत राहणे मुलांना जड गेले. पण वहीतील आकडे पाहून त्यांनी धीर धरला.

टाकीची मांडणी

आमची टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच आहे. गुणाकार केल्यास ५४ लिटर होतात. वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी राहते. एकच बटु केंड ठेवावयाचा असल्यास २० लिटरची टाकी पुरेल. गोल भांडे मात्र कधीही वापरू नये. टाकी भरल्यावर वजन ६० किलोच्या पुढे जाते, म्हणून खालचे टेबल भक्कम हवे.

पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडील थंडीत रात्री ते खाली जाते, म्हणून लहान हीटर व तापमापक आवश्यक आहे. नळाचे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा त्यात क्लोरीन घालविणारे औषध टाकावे. दर आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम कधीही बदलू नये. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतल्यास उपयुक्त जिवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळून घ्यावा. हा मासा संथ पाण्याचा आहे, म्हणून प्रवाह मंद असावा.

आहार

दुकानातील कोरडे खाद्य बटु केंड बहुधा खात नाही. त्याला हलणारे अन्न हवे. त्याच्या आहारात लहान पाणगोगलगाई, डाफ्निया, ब्लडवर्म आणि डासांच्या अळ्या येतात. गोगलगाईंसाठी आम्ही वेगळी बरणी ठेवली असून तीत पालेभाजीचे उकडलेले पान टाकतो; गोगलगाई आपोआप वाढतात. डासांच्या अळ्यांबाबत मात्र एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. अळ्यांसाठी मुद्दाम पाणी साचवू नये. डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात वाढतो आणि वसतिगृहात शेकडो मुले झोपतात. आधीच साचलेले पाणी दिसल्यास त्यातील अळ्या गाळून, धुऊन त्याच दिवशी माशांना द्याव्यात आणि ते पाणी ओतून टाकावे.

स्वभाव

आम्ही एक नर व तीन माद्या ठेवल्या. नराच्या पोटावर मधोमध गडद रेघ असते व डोळ्यामागे सुरकुत्यांसारख्या बारीक रेषा दिसतात. मादी अधिक गोलसर असते. दोन नर लहान टाकीत एकमेकांना सुखाने जगू देत नाहीत. इतर माशांचे पर कुरतडण्याची सवय असल्याने गप्पीसारखे लांब शेपटीचे मासे यांच्यासोबत ठेवू नयेत. दाट वनस्पती असल्यास प्रत्येकाला आडोसा मिळतो व भांडणे कमी होतात.

त्यांचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. काचेजवळ आलेल्या माणसाकडे एक डोळा लावून दुसऱ्याने गोगलगाय शोधणारा मासा पाहताना मुलांचा तास कसा निघून जातो ते कळत नाही. पोट फुगविण्याचा चमत्कार पाहण्यासाठी मात्र त्यांना छेडू नये. ती भीतीची खूण आहे, खेळ नव्हे. जाळीने पाण्याबाहेर काढल्यास पोटात हवा भरते आणि जीव धोक्यात येतो. म्हणून हलविताना पाण्यातच पेला बुडवून त्यात मासा घ्यावा.

नदीचे देणे

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत उशिरा कळली. हा मासा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील नद्यांखेरीज जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाही. आपला सह्याद्री दक्षिणेकडे जेथे जातो तेथील हा रहिवासी. दुकानांत दिसणारे बहुतेक बटु केंड नदीतून पकडलेले असतात. व्यापारासाठी होणारी ही पकड आणि नद्यांची बिघडती स्थिती यांमुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना 'असुरक्षित' जातींमध्ये केली आहे.

म्हणजे आमच्या भांड्यात नऊ दिवसांत मेलेले ते तीन मासे दुकानातील वस्तू नव्हते. ते एका नदीचे होते. ही जाणीव झाल्यावर आम्ही मुलांसह दोन निर्णय घेतले. पहिला, नदीतून पकडलेला बटु केंड पुन्हा विकत आणावयाचा नाही. टाकीतच जन्मलेले पिल्लू मिळाले तरच आणावयाचे. शेवाळासारख्या जावा मॉसमध्ये हे मासे टाकीतही अंडी घालतात, त्यामुळे ही अट अशक्य नाही. दुसरा, पाळण्याचा कंटाळा आला म्हणून कोणताही मासा आपल्या तळ्यात वा ओढ्यात सोडावयाचा नाही. तेथील जीवांना त्याचा उपद्रव होतो.

आज चारपैकी तीन मासे तिसऱ्या वर्षात आहेत. नीट सांभाळल्यास ते चार-पाच वर्षे जगतात. प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी शाळा सोडून पुढील शिक्षणासाठी गेला; पाण्याच्या नोंदींची वही आता आठवीतील मुले लिहितात. हा लेख वाचून ज्यांना घरी बटु केंड पाळावासा वाटेल त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, प्रथम रिकामी टाकी सहा आठवडे सांभाळून पाहावी आणि रोजच्या रोज नोंद ठेवावी. तेवढा धीर ज्याच्यापाशी असेल त्यानेच दुसऱ्या जिवाची जबाबदारी घ्यावी.