तापलेली गाडी आणि रडार डिटेक्टर : काय करावे, काय टाळावे

उज्जैनच्या माधव नगरातून मे महिन्यात पुण्याच्या वाटेला लागायचे म्हणजे माळव्याचे पठार उतरून निमाड, मग सेंधवा, बिजासन घाट, धुळे असा दिवसभराचा उन्हातला प्रवास. सुटीत आप्तांकडे जाणारी इथली मराठी घरे हा रस्ता वर्षानुवर्षे करत आली आहेत. हल्ली निघण्याआधी तरुण मंडळी विचारतात, ‘काका, काचेवर रडार डिटेक्टर लावला तर चलान टळेल ना?’ त्या डबीवर भिस्त ठेवू नका, हेच माझे उत्तर. कारणे आणि पर्याय खाली देतो, उन्हात तापलेल्या गाडीत उपकरणे कशी जपावीत तेही.

डिटेक्टरचा भरवसा

करावे

- हे यंत्र काय ऐकते ते आधी समजून घ्यावे. रडारची स्पीड गन रेडिओलहरी सोडते. गाडीवर आपटून परतलेल्या लहरींची वारंवारता बदललेली असते, त्यावरून वेग कळतो. २४.१५ गिगाहर्ट्झच्या गनसमोर ताशी १०० किलोमीटरने गाडी आली, तर हा फरक सुमारे ४,४७० हर्ट्झ भरतो. रडार डिटेक्टर या लहरींची चाहूल घेतो.
- लेझरची गन वेगळी असते हे लक्षात ठेवावे. तिचा झोत ३०० मीटरवरही जेमतेम मीटरभर रुंद असतो. लेझर ओळखणारा डिटेक्टर वाजेपर्यंत बहुधा आपला वेग मोजून झालेला असतो.
- मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे. दोन ठिकाणी नंबर प्लेट टिपून, मधल्या अंतराला लागलेल्या वेळावरून सरासरी वेग काढता येतो. अशा मोजणीत डिटेक्टरला ऐकू येण्यासारखे काहीच नसते.

टाळावे

- डिटेक्टर वाजला की करकचून ब्रेक मारणे. दुकानाचे आपोआप उघडणारे दार किंवा शेजारच्या गाडीतला ब्लाइंड स्पॉट सेन्सरही त्याला वाजवतो. मागच्या ट्रकवाल्याला मात्र तुमच्या ब्रेकचा अंदाज नसतो.
- डिटेक्टर गप्प आहे म्हणजे पुढे पोलीस नाहीत, असे धरून चालणे.

लपण्याच्या युक्त्या

टाळावे

- ‘कुणालाच सापडणार नाही’ या जाहिरातीला भुलणे. डिटेक्टरच्या आतला ऑसिलेटर स्वतःही क्षीण लहरी बाहेर सोडतो आणि त्या पकडणारी यंत्रे काही ठिकाणच्या पोलिसांकडे असतात. चांगल्या बनावटीत ही गळती कमी असते, एवढेच.
- भारतातून किंवा दुसऱ्या प्रांतातून घेतलेला डिटेक्टर परदेशात राहणाऱ्या मुलांच्या गाडीत लावणे. कॅनडातल्या ओंटारियोत तो गाडीत असणेच गुन्हा आहे आणि पोलीस तो जप्त करतात. अमेरिकेत व्हर्जिनियातही बंदी आहे.
- गनच्या लहरींत अडथळा आणणारा जॅमर विकत घेणे. सरकारच्या परवानगीशिवाय तो वापरणे बेकायदा आहे.
- नंबर प्लेटवर चिखल फासणे किंवा चकचकीत पट्टी चिकटवणे.

करावे

- चलान चुकीचे वाटले तर लपण्यापेक्षा हक्काने विचारावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ नुसार वेग टिपणाऱ्या उपकरणाला मंजुरीचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. कॅमेरे असल्याचे फलक लावणे आणि १५ दिवसांत नोटीस पाठवणेही बंधनकारक आहे.
- १ जुलै २०२५ पासून वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांना वैधमापन खात्याची तपासणी व शिक्का आवश्यक झाला आहे. तराजूला असतो तसाच. तोही विचारावा.

उन्हापासून उपकरणांची काळजी

करावे

- गाडी झाडाखाली किंवा छपराखाली लावावी. भिंतीच्या सावलीवर विसंबू नये. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली पायाशी गोळा होते. इथल्या वेधशाळेतले सावली मोजणारे शंकुयंत्र ज्याने पाहिले आहे, त्याला हे सांगायला नको.
- आतून समोरच्या काचेला ऊनपडदा लावावा. अ‍ॅरिझोनात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तासभर उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापला होता. सावलीतल्या गाडीचा ४८ अंशांपर्यंत.
- उतरताना फोन, पॉवर बँक, डिटेक्टर असल्यास तोही, सोबत न्यावा. आयफोन ठेवण्यासाठी कंपनीनेच ४५ अंशांची मर्यादा सांगितली आहे.
- डॅशकॅम घ्यायचा तर लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्यावा. तो उष्णता जास्त सोसतो.

टाळावे

- तापलेले उपकरण लगेच चार्जिंगला लावणे. आधी सावलीत निवू द्यावे.
- एसीच्या झोतासमोर धरून किंवा गार पाणी लावून ते झटक्यात थंड करणे. आत दव धरते.
- फुगलेली बॅटरी ‘अजून चालतेय’ म्हणून वापरत राहणे. ती आग लावू शकते.
- काच दोन बोटे उघडी ठेवली म्हणजे भागले, असे समजणे. आतल्या तापमानात त्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘दोनच मिनिटे’ म्हणूनही मुलांना, म्हाताऱ्यांना किंवा जनावराला बंद गाडीत ठेवू नये.

रस्त्यावर

करावे

- डिटेक्टरचे पैसे टायर, ब्रेक आणि सर्व्हिसिंगवर खर्च करावेत.
- नकाशाच्या अ‍ॅपमध्ये किंवा गाडीत वेगमर्यादेचा इशारा असेल तर तो चालू ठेवावा. तो तुमचाच वेग तुम्हाला सांगतो, त्यामुळे कुणापासून लपावे लागत नाही.
- घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. सतत दाबलेला ब्रेकही तापतो आणि ऐन वेळी दगा देतो.

टाळावे

- ‘रस्ता मोकळा आहे’ म्हणून ८० वरून १२० वर जाणे. वेग दीडपट होतो, पण ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर सव्वादोनपट होते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग होता. चलान हजार-दोन हजारांचे असते, ते भरता येते.
- निघताना ‘सातला पोहोचतोच’ असे घरी सांगणे. वेळेचा शब्द दिला की पाय आपोआप जड होतो. ‘पोहोचलो की फोन करतो’ एवढेच सांगावे. वाट पाहणाऱ्यांना तो फोन हवा असतो, घड्याळ नव्हे.